डिसेंबरच्या पहाटे ट्रकवर बॅटरीचा कोड आला, तर

गळीत हंगाम भरात असतो तेव्हा कराड-पाटण पट्ट्यात उसाच्या गाड्या कारखान्याच्या तळावर रात्रभर नंबर लावून उभ्या असतात. पहाटे पाचला रांग हलते. चावी फिरवली की लाल बॅटरी आणि पिवळा इंजिनाचा दिवा लागतो, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, अर्धा फेरा मारून 'घर्र' करून थांबतो आणि डॅशबोर्डवर आकडे, म्हणजे बिघाडाचा कोड, येतात. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. अशा घाईत एकच निष्कर्ष निघतो: बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली जाते आणि पुष्कळदा पंधरा दिवसांत तोच कोड परत येतो, कारण दोष दुसरीकडेच असतो. म्हणून आधी कोड काय म्हणतो ते समजून घ्यायचे, मग मीटर लावायचा, आणि पैसे त्यानंतर खर्च करायचे.

कोडचा अर्थ

गाडीचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, बॅटरीच्या आत पाहू शकत नाही. वायर, फ्यूज, रिले आणि अर्थिंग यांतून येऊन त्याच्या पिनवर किती व्होल्ट पोचतात, एवढेच त्याला कळते. ते ठरलेल्या मर्यादेखाली गेले की तो कोड नोंदवतो. 'बॅटरी खराब' असे कुठलाच कोड सांगत नाही. 'माझ्यापर्यंत व्होल्टेज कमी आले' एवढेच तो सांगतो. कमी का आले, हे शोधणे माणसाचे काम.

पिकअप आणि छोट्या १२ व्होल्टच्या गाड्यांवर पी ०५६२ दिसतो. त्याचा अर्थ व्होल्टेज कमी. पी ०५६३ म्हणजे व्होल्टेज जास्त. मोठ्या २४ व्होल्टच्या ट्रकवर बहुधा दोन आकड्यांची जोडी येते. पहिला आकडा एसपीएन, म्हणजे कशात बिघाड आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे कसला बिघाड आहे. एसपीएन १६८ हा बॅटरीच्या व्होल्टेजचा, १६७ चार्जिंगच्या व्होल्टेजचा आणि १५८ चावीतून येणाऱ्या लाइनचा. एफएमआय १७ असेल तर व्होल्टेज थोडे कमी, १८ असेल तर बऱ्यापैकी कमी, १ असेल तर धोक्याइतके कमी. एफएमआय ४ हा सर्किटमध्ये व्होल्टेज खाली गेल्याचा, आणि २ हा वाचन सारखे उड्या मारत असल्याचा. २ दिसला की सैल टर्मिनल किंवा तुटकी वायर आधी शोधा.

यातला एक फरक पैसे वाचवतो. १५८ आला आणि १६८ आला नाही, तर बॅटरीपासून येणारी मुख्य लाइन ठीक आहे. दोष इग्निशन स्विच, त्याचा रिले किंवा फ्यूज यांच्या वाटेवर आहे. तिथे नवी बॅटरी टाकून काहीही साधणार नाही.

थंड पहाटे एक कोड क्वचितच एकटा येतो. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळले की ब्रेकच्या एबीएसचा कंट्रोलर, धुरातला वायू मोजणारा नॉक्स सेन्सर, डॅशबोर्ड असे एकेक जण क्षणभर झोपतात आणि 'अमक्याशी संपर्क तुटला' अशा तक्रारी नोंदवतात. यू अक्षराने सुरू होणारे कोड बरेचदा याच जातीचे असतात. पाच-सहा कोड बघून घाबरून सेन्सर बदलायला घेऊ नका. व्होल्टेजचा कोड आधी निस्तरा, मग सगळे कोड पुसा, गाडी दोन थंड सकाळी सुरू करा आणि जो कोड तरीही उरेल त्याच्याच मागे लागा. मात्र पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. कोड चालू आहे की जुना, आणि तो नोंदला तेव्हा इंजिन किती गरम होते, ही माहिती पुसल्यावर परत मिळत नाही.

थंडीच का?

सातारा शहरात हिवाळ्यात पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला काही वर्षी दव गोठल्याचेही दिसते. काश्मीर-लडाखच्या मानाने ही थंडी काहीच नाही, आणि धडधाकट बॅटरीला ती जाणवायलाही नको. पण इतक्या थंडीतही तीन गोष्टी एकदम घडतात.

बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. २७ अंशांना सेल्फ फिरवण्याची तिची ताकद शंभर धरली, तर शून्य अंशाला ती साधारण ६५ उरते. दहा अंशांना म्हणजे जवळजवळ पाचवा भाग कमी. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होते: १५-डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जेवढे पातळ असते त्याच्या पाच-सहा पट जाड दहा अंशांना असते, आणि तेवढा भार सेल्फवर पडतो. तिसरी गोष्ट क्वचितच कोणी लक्षात घेते. थंड बॅटरी चार्ज व्हायला जास्त व्होल्टेज मागते. २४ व्होल्टच्या जोडीला, म्हणजे ट्रकवर एकामागून एक जोडलेल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांना, तापमान १५ अंशांनी उतरले की अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त लागते. अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राने, तेवढे वाढवून दिले नाही, तर रोज थोडी थोडी उधारी साचत जाते.

आणि खरे नुकसान आधीच झालेले असते. फलटण, माण, खटावच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीचे पाणी उडते आणि आतल्या जाळ्या गंजतात. गरम इंजिन हलके फिरते, म्हणून तेव्हा काही कळत नाही. मे महिन्यात दुबळी झालेली बॅटरी डिसेंबरात तोंडघशी पाडते.

पहाटेच मोजायचे

बॅटरी तपासायची सर्वांत चांगली वेळ पहाटेची, चावी लावण्याआधीची. रात्रभर गाडी उभी असल्याने वरवरचे चार्जिंग निघून गेलेले असते आणि मीटर खरे सांगतो. गाडी दुपारी आणून बंद केल्या केल्या मोजले तर जुनी बॅटरीही १२.८ दाखवते. दुसरा उपाय नसेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावा, बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि मग मोजा.

मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. हे महत्त्वाचे आहे. १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच थांबा, कारण बहुधा आजार सापडला आहे. तो पुढे सविस्तर येतो.

मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या खांबांवरच धरा, लगवर, म्हणजे खांबाला आवळलेल्या केबलच्या टोकावर नको. सेल्फ फिरत असताना १२ व्होल्टच्या पिकअपवर ९.६ आणि २४ व्होल्टच्या ट्रकवर १९ च्या खाली जायला नको. जोडीतली एक बॅटरी १०.५ वर आणि दुसरी ८.५ वर येत असेल, तर खाली आलेली बॅटरी संशयित. मात्र आधी ती पूर्ण चार्ज करून पुन्हा हीच चाचणी घ्या. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी मीटरला सारख्याच दिसतात. दोघींतला फरक चार्ज केल्यावरच कळतो.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी, मीटरपेक्षाही जास्त सांगतो. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी किती असावी ते तिच्यावर लिहिलेले असते. आपल्याकडच्या ट्रकच्या बॅटऱ्यांना साधारण १२४० ते १२८०. थंड ॲसिडमध्ये आकडा खोटा चढतो. २७ अंशांपासून दर दहा अंशांच्या उतारामागे सात पॉइंट वजा करा. बारा अंशांच्या पहाटे १२४० दिसले तर खरे १२३० धरा. सहाही सेल तपासा. पाच सेल १२३० आणि सहावा ११७० असेल, तर तो सेल गेला. सेलांमध्ये ५० पॉइंटपेक्षा जास्त फरक असलेली बॅटरी सहसा चार्ज करूनही सुधारत नाही.

पाणी प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर घाला, तेही चार्जिंगनंतर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरते आधी घाला. ॲसिड कधीच घालू नये. उडून गेलेले असते ते पाणी. ॲसिड आतच राहिलेले असते. वरून आणखी ॲसिड टाकले की दोन दिवस ग्रॅव्हिटी छान दिसते आणि प्लेटा जळतात.

एका बॅटरीवरून काढलेली लाइन

२४ व्होल्टच्या गाड्यांवर पुन्हा पुन्हा सापडणारा दोष हा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. टेप, मोबाइल चार्जर, छोटा पंखा, केबिनमधली एलईडी पट्टी, कधी जीपीएससुद्धा १२ व्होल्टचे असते. वायरमन सोपा मार्ग काढतो: दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्टची वायर ओढतो. सगळे चालू होते आणि ड्रायव्हर खूश होतो.

आता हिशोब करा. तळावर रात्री आठ तास टेप आणि पंखा मिळून २ अँपियर घेत असतील, तर १६ अँपियर-तास गेले, आणि ते सगळे एकाच बॅटरीतून. सकाळी गाडी सुरू झाल्यावर अल्टरनेटरचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून एकामागून एक, सारखाच जातो. भरलेली बॅटरी लवकर 'पुरे' म्हणते, करंट घटतो आणि रिकामी तशीच अर्धपोटी राहते. रोज असेच होते. महिन्याभरात एक बॅटरी सतत उपाशी असते, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. गाडी चालू असताना टोकाटोकाला मोजले तर २८.२ व्होल्ट दिसतात, एकदम योग्य. वेगवेगळे मोजले तर एकीवर १३.२ आणि दुसरीवर १५.०. पहिली मरते कमी चार्जने, दुसरी जास्त चार्जने, आणि थंड पहाटे एसपीएन १६८ उभा राहतो.

उपाय ठरलेला आहे. ती वायर काढून टाका. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा. टेप-पंख्याला १० अँपियरचा पुरतो. त्याला २४ व्होल्टच्या पूर्ण जोडीवरून फ्यूजसह आणि शक्यतो चावीच्या लाइनवरून पुरवठा द्या. मग दोन्ही बॅटऱ्या गाडीतून काढून स्वतंत्र चार्ज करा. चार्जिंगचा करंट अँपियर-तासांचा दहावा भाग ठेवा: १३० च्या बॅटरीला १३ अँपियर, दहा-बारा तास. जोडीत ठेवून चार्ज केल्याने फरक मिटत नाही.

बदलायची वेळ आलीच तर दोन्ही एकदम बदला, एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि सारख्याच वयाच्या. एक नवी आणि एक जुनी लावली की वर सांगितलेलाच असमतोल वायर नसतानाही सुरू होतो. दोन बॅटऱ्यांचा खर्च जड वाटतो हे खरे, पण एकच बदलून सहा महिन्यांनी पुन्हा दोन घ्याव्या लागतात.

लग, केबल, अर्थिंग

सेल्फ २०० ते ४०० अँपियर ओढतो. एवढ्या करंटला खांब आणि लग यांच्यामधला पांढरा-हिरवा थरसुद्धा अडवतो. मीटरचे एक टोक खांबावर, दुसरे त्याच्याच लगवर ठेवून सेल्फ मारा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर सांधा खराब आहे. मग बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मोजा, आणि पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. ट्रकवर दोन्हींकडे अर्ध्या व्होल्टच्या आत असले पाहिजे. ब्लॉककडे दीड व्होल्ट जात असतील तर चेसिस आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची वेणी बघा. उसाच्या फडातला चिखल, धुलाईचे पाणी आणि गंज यांनी ती बाहेरून शाबूत आणि आतून तुटलेली असते. वेणी बदलताना बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या.

साफ करताना निगेटिव्ह लग आधी काढा, लावताना शेवटी लावा. ग्लासभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवा, झाकणे घट्ट बंद आहेत ना ते पाहा, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा आणि पुसून कोरडे करा. लग आधी आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. बॅटरीच्या पेटीजवळ विडी-काडी नको. चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो. ॲसिड डोळ्यात उडालेच तर किमान पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडा आणि थेट डॉक्टरकडे जा.

चार्जिंग आणि रात्रीची गळती

इंजिन मध्यम वेगावर असताना २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.६ ते २८.८ मिळायला हवेत. २७ च्या खाली असेल तर पट्टा बघा: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर दहा-पंधरा मिलिमीटर दबला तर ठीक. पहाटे दवाने ओला झालेला ढिला पट्टा किंचाळतो आणि घसरतो. ३० च्या वर गेले तर अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. ती गाडी तशी चालवू नका, ईसीयूला धोका आहे.

'सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते' हा समज अर्धाच खरा आहे. ३०० अँपियरने पाच सेकंद सेल्फ मारला तर अर्धा अँपियर-तासही जात नाही. उलट पार्किंगचे, मार्करचे ५ वॅटचे दहा बल्ब रात्रभर जळले तर २० अँपियर-तास जातात. रस्त्याकडेला उभ्या गाडीचे मागचे दिवे बंद ठेवा असे कोणीही सांगणार नाही, अपघात त्यातूनच होतात. पण तळाच्या आत टेप-पंखा बंद ठेवता येतो, आणि जुन्या बल्बांच्या जागी एलईडी मार्कर लावता येतात.

सगळे बंद असूनही बॅटरी उतरते का ते पाहण्यासाठी निगेटिव्ह लाइनमध्ये मल्टिमीटर दहा अँपियरच्या खाचेत लावा, दारे बंद करा आणि कंट्रोलर झोपायला अर्धा तास द्या. ०.१ अँपियरच्या आत ठीक. तेवढ्यानेही दहा दिवसांत २४ अँपियर-तास जातात, म्हणून हंगामाबाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीचा कट-ऑफ स्विच, म्हणजे बॅटरीची लाइन तोडणारा स्विच, बंद करायचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज जागेवर उडेल.

बीएस ६ गाडीत कट-ऑफ वापरताना एक काळजी. चावी बंद केल्यावर डीईएफचा पंप, म्हणजे ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात त्याचा पंप, नळीतले द्रव टाकीत परत ओढतो. त्याला काही मिनिटे लागतात. गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ पाळा किंवा स्विचजवळचा दिवा विझू द्या. लगेच लाइन तोडली की द्रव नळीत आणि नोझलमध्ये सुकून खडे होतात, आणि मग वेगळ्याच कोडचा ससेमिरा मागे लागतो.

काही इंजिनांत हवा तापवणारा हीटर असतो. चावी लावल्यावर वेटोळ्याचा दिवा लागतो तो याचा. तो विझेपर्यंत सेल्फ मारू नका. सुरू झाल्यावरही हीटर काही वेळ मधूनमधून चालू होतो आणि व्होल्टमीटरचा काटा दर थोड्या सेकंदांनी खाली-वर होतो. हा दोष नाही.

आज, आत्ता गाडी सुरू करायची असेल

क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल सेल्फला ओढावे लागणार नाही. हेडलाइट, ब्लोअर, टेप सगळे बंद. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबा. तीन वेळा होऊन गाडी पकडली नाही तर थांबा. पुढचे प्रयत्न फक्त सेल्फ जाळतात.

जंप द्यायचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायचे असेल, तर २४ ला २४ चीच गाडी हवी आणि केबल जाड हवी. बंद गाडीच्या जोडीचा टोकाचा पॉझिटिव्ह, मग मदतीच्या गाडीचा टोकाचा पॉझिटिव्ह, मग तिचाच टोकाचा निगेटिव्ह, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिन ब्लॉकवर, बॅटरीपासून लांब. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलवर काहीही लावायचे नाही. मदतीची गाडी दहा मिनिटे चालू ठेवा, बंद करा, मग सेल्फ मारा. केबल उलट्या क्रमाने काढा. गाडी सुरू झाली म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची लग काढून 'अल्टरनेटर चालतो का' हे बघण्याची जुनी पद्धत आता विसरा. लग सुटताच व्होल्टेज उसळते आणि रेग्युलेटरसह ईसीयू जाऊ शकतो.

उतारावर लावून धक्क्याने सुरू करणे खंबाटकीत किंवा पसरणी घाटात तर अजिबात नको. इंजिन बंद म्हणजे ब्रेकसाठीचा हवेचा दाब भरत नाही आणि स्टिअरिंगला मदत नाही. पहाटे टाकीत हवा उरलेली असेल तर गाडी सुटेल, पण काही वेळा ब्रेक दाबल्यावर ती हवा संपते. शिवाय बॅटरी पुरती बसलेली असेल तर ईसीयू जागाच होत नाही, आणि मग धक्का कितीही दिला तरी डिझेल उडत नाही. इंजिन ऑइलच्या चेंबरखाली चिंध्या पेटवणेही नको. तिथून आता प्लॅस्टिकच्या नळ्या आणि वायरींचे जुडगे जातात. एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रेही मारू नका. गरम हीटरवर तो भडकतो. डिझेल गोठल्याची शंकाही बाजूला ठेवा. हिवाळी डिझेलला फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ६ अंश आहे, आणि आपल्या सपाटीवरचा पारा सहसा तिथवर उतरत नाही.

सुरू झालेली गाडी रांगेत दहा मिनिटे आयडलवर ठेवून बॅटरी भरत नाही. आयडलला अल्टरनेटर थोडेच देतो, त्यातले बरेचसे दिवे आणि हीटर खातात. त्या दिवशी गाडी सलग दोन-तीन तास रस्त्यावर चालली पाहिजे, नाहीतर संध्याकाळी बॅटऱ्या काढून चार्जरला लावा, आणि दुसऱ्या पहाटे चावी लावण्याआधी दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे लिहून ठेवा.